कंपोत : ना सरबत, ना काढा

"तुम्ही पाच-सहा वर्षं रशियात होतात ना, मग तिकडे प्यायचात काय?" हा प्रश्न मला परत आल्यापासून विचारला जातोय. विचारणाऱ्याच्या मनात व्होडका असते, ते चेहऱ्यावर दिसतं. माझं उत्तर ठरलेलं: कंपोत. मग दुसरा प्रश्न येतो, "म्हणजे सरबत का? घरी करता येईल?" मागच्या भिशीला तिघीजणींनी एकदमच विचारलं. सरबत नव्हे, फळं पाण्यात मंद उकळून केलेलं ते पेय आहे. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहूनच काढते.

मी १९८६ मध्ये व्होरोनेझला शिकायला गेले. मॉस्कोच्या दक्षिणेला, काळ्या कसदार मातीच्या प्रदेशातलं हे शहर. घरात मांस-मच्छी कधी शिजलेली नाही, त्यामुळे पहिले काही महिने कँटीनमध्ये माझी फार ओढाताण झाली. तिकडे कँटीनला स्तलोवाया म्हणतात. जेवणाचा क्रम पक्का: 'पहिलं' म्हणजे सूप, 'दुसरं' म्हणजे बहुतेक मांसाचं काहीतरी, आणि 'तिसरं' म्हणजे कंपोत. पहिल्यात मांसाचं पाणी, दुसऱ्यात मांस. निर्धास्तपणे उचलावं असं ते तिसरंच. काउंटरवर पैलूदार जाड काचेचे पेले ओळीनं भरून ठेवलेले असायचे. फिक्या चहाच्या रंगाचं पाणी, तळाशी सफरचंदाची एक चकती, एखादा मनुका, नशीब असेल तर जर्दाळू. कितीतरी दुपारी पाव, बटाटे आणि दोन पेले कंपोत एवढंच माझं जेवण होतं.

शब्द फ्रेंचांकडून अठराव्या शतकात आला. लिहितात कोम्पोत, म्हणतात कंपोत. पेय मात्र त्याहून जुनं आहे; सुकी फळं मंद उकळून केलेल्या अशा पेयाला रशियात आधी व्झ्वार म्हणत. युक्रेनमध्ये आजही उझ्वारच म्हणतात. आमच्या होस्टेलच्या मजल्यावर तिकडच्या पोल्तावा शहराची एक मुलगी होती. तिच्या घरी नाताळच्या आदल्या संध्याकाळी बारा पदार्थ मांडत, सगळे बिनमांसाचे. गहू, खसखस आणि मध घातलेली कुत्या, आणि तिच्या जोडीला उझ्वार. पोलंडमध्येही त्या रात्री सुक्या फळांचं कंपोत लागतंच, तिथे धुरावर सुकवलेले आलुबुखार घालतात. रशियात मयताच्या जेवणालाही कंपोत देतात. कँटीनमध्ये रोज मिळणारी गोष्ट इतकी मानाची असेल, असं मला तोवर वाटलं नव्हतं.

मला कंपोत करायला शिकवलं ते होस्टेलच्या दारावर बसणाऱ्या बाईंनी. त्यांना आम्ही सगळ्याजणी त्योत्या म्हणायचो, म्हणजे मावशी. त्याआधी मी एकदा स्वतःच करून पाहिलं होतं: सगळी सुकी फळं एकदम पातेल्यात, वर पाणी, आणि गॅस मोठा. अर्ध्या तासानं सफरचंदाचा लगदा, मनुका फुटलेल्या, पाणी गढूळ आणि नाशपाती मात्र दाताला टणक. मावशींनी पातेल्यात डोकावून पाहिलं, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी रात्रपाळीला येताना कापडी पिशवीतून आपल्या गावची सुकी फळं घेऊन आल्या. त्यातली नाशपाती मला अजून दिसते. जंगली जातीची, आवळ्यापेक्षा थोडी मोठी, देठासकट अख्खी सुकवलेली, वरून सुरकुतलेली आणि जवळजवळ काळी. नाकाशी धरली की चुलीचा मंद धूर यायचा.

आता करायचं कसं, ते सांगते. दोन लिटर पाण्याला पाव किलो ते तीनशे ग्रॅम सुकी फळं. आधी कोमट पाण्यात दोन-तीनदा चोळून धुवायची, मग पंधरा-वीस मिनिटं भिजवायची. जर्दाळू फार चकचकीत केशरी असेल तर तो गंधकाची धुरी दिलेला असतो, तो जास्त वेळा धुवा. तपकिरी, ओबडधोबड दिसणारा लडाखी मिळाला तर उत्तमच. गार पाण्यात सगळ्यात आधी नाशपाती. उकळी आली की आच अगदी बारीक करायची, झाकण ठेवायचं आणि वीस मिनिटं तिच्याकडे बघायचं नाही. मग सफरचंदाच्या चकत्या आणि साखर, तीन-चार चमचे पुरे. दहा मिनिटांनी जर्दाळू आणि सुके आलुबुखार, हे दुकानात प्रून म्हणून मिळतात. आणखी पाचेक मिनिटांनी मनुका किंवा बेदाणे टाकले की गॅस बंद. कठीण फळ आधी, नाजूक फळ शेवटी, एवढं लक्षात ठेवलं तर वेगळी कृती पाठ करावी लागत नाही.

आपला हात दोन ठिकाणी चुकतो. एक म्हणजे आटवणं. काढा म्हटला की आपण चतुर्थांश, अष्टमांश उरवतो, आणि कंपोतचा रंग पाहून आपल्या बायका हटकून म्हणतात, "अगं, हा तर काढाच!" पण कंपोतात पाणी आटलं की ते बिघडलं. खळखळून उकळायचंच नाही, नुसती कडेला बुडबुड दिसावी. दुसरी चूक म्हणजे गॅस बंद करून लगेच गाळणं. खरं कंपोत गॅस बंद केल्यावर होतं. फळांतला गोडवा, आंबटपणा, रंग हळूहळू पाण्यात उतरतो आणि फळं पाणी पिऊन टम्म फुगतात. त्याला सहा-आठ तास लागतात. मावशी रात्री अकराला पातेलं उतरवून त्यावर जाड टॉवेल टाकायच्या आणि सकाळी सातला पाळी संपताना झाकण काढायच्या. मी एकदा मध्यरात्री चमचाभर चाखलं होतं. गोड कोमट पाणी, बाकी काही नाही. सकाळी तेच पेय दाट चवीचं, किंचित धुरकट, आंबटगोड झालेलं.

वेलदोडा घालू नका, केशर तर नकोच. दालचिनीचा तुकडा किंवा एखादी लवंग काही घरांत टाकतात, मला तीही लागत नाही. वासाला फळंच हवीत.

हे झालं हिवाळ्याचं. उन्हाळ्याची तऱ्हा वेगळी. जुलैमध्ये तिकडे आंबट चेरी पिकते, तिला विश्न्या म्हणतात. मावशींची गावाबाहेर छोटी जागा होती, दाचा. दोन उन्हाळे मी तिथे बरण्या भरायला गेले. तीन लिटरची काचेची बरणी किटलीच्या वाफेवर पालथी धरून तापवायची. मग तळाशी चेरी, वरून गळ्यापर्यंत उकळतं पाणी. दहा-पंधरा मिनिटांनी तेच पाणी, आता गुलाबी झालेलं, परत पातेल्यात ओतायचं, साखर घालून उकळायचं आणि पुन्हा बरणीत. त्यावर पत्र्याचं झाकण, आणि ते हातयंत्रानं फिरवून फिरवून घट्ट बसवायचं. मग बरणी पालथी करून जुन्या ओव्हरकोटाखाली ठेवायची, सावकाश निवेल अशी. दुसऱ्या दिवशी झाकण घट्ट बसलंय का ते आवाजावरून ओळखायला मावशी एकेक बरणी कानाशी धरून झाकणावर बोटानं टिचकी मारायच्या. चेरीत बिया असतील तर अशी बरणी वर्षाच्या आत संपवायची, हे त्यांनी मला बजावून सांगितलं होतं. बियांमधून पाण्यात विषारी अंश उतरू शकतो.

या बरण्यांसाठी साखर लागायची, आणि त्या वर्षांत साखरच मिळेनाशी झाली होती. मे १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह यांच्या सरकारनं दारूविरोधी मोहीम सुरू केली. दुकानातली दारू कमी झाली तशी लोकांनी घरी गाळायला सुरुवात केली, आणि त्यात साखर जाऊ लागली. पुढे कितीतरी शहरांत साखरेला कूपन आलं. फळांनी झाडं वाकलेली आणि बरणीत घालायला साखर नाही, याचा मावशींना होणारा त्रास मी जवळून पाहिला. आम्ही दोघी भारतीय मुली चहात साखर कमी करून आमची साखर त्यांना आणून द्यायचो. त्या वाटीनं मोजून घ्यायच्या आणि जानेवारीत तेवढ्याच हिशोबानं आमच्यासाठी बरणी काढून ठेवायच्या. बाहेर उणे वीस, आणि त्यांच्या टेबलावर जुलैचा लालभडक रंग. झाकणाला ओपनर टोचला की 'फुस्स' आवाज व्हायचा आणि अख्ख्या खोलीत चेरीचा वास.

पुण्यात मला ती नाशपाती मिळत नाही. मी सुकं सफरचंद, लडाखी जर्दाळू, आलुबुखार आणि तासगावचे बेदाणे घेते. धुराचा वास येत नाही, त्याला इलाज नाही. ताज्या प्लमचं मात्र झकास होतं. हिमाचलचे प्लम बाजारात आले की अर्धा किलो, दीड लिटर पाणी, पाच मिनिटं मंद उकळी, आणि झाकून संध्याकाळपर्यंत विसरून जायचं.

एक राहिलंच. पिऊन झाल्यावर तळाची फळं टाकू नका. चहाचा चमचा घ्या आणि खा. मावशी नाशपाती चमच्यानं घेत नसत. देठाला धरून अख्खी तोंडात घालायच्या आणि नुसता देठ बाहेर काढून बशीच्या कडेला ठेवायच्या.