‘पुढे काय होणार?’ हा प्रश्नच नको

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना हा प्रश्न विचारला की ठरलेली उत्तरं येतात: डॉक्टर, इंजिनिअर. म्हणून आज नववीच्या वर्गात वेगळं विचारलं, काय करताना वेळेचं भान राहत नाही? एक अबोल मुलगी म्हणाली, बंद पडलेला पंखा उघडून बघताना. वहीच्या मागच्या पानावर तिनं आतल्या मोटरची आकृती काढली होती, प्रत्येक वायरचा रंग लिहून! हे मार्कशीटवर कुठे दिसतं?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या करिअर सिद्धांतातही हातांनी करायच्या कामाची ओढ हा एक स्वतंत्र कल मानला आहे. आता तिला तंत्रज्ञ आणि अभियंता, दोघांचंही काम जवळून बघायचंय. मग कुठल्या वाटेला कोणते विषय लागतात, ते ती स्वतः शोधणार आहे. तुमच्यापैकी कुणी अशा मुलांना एक दिवस सोबत नेऊ शकत असाल, तर जरूर कळवा.