ओढेल हो, पण थांबेल का?

“आमची जुनी डिझेल फोर व्हील ड्राइव्ह आहे, टर्बो नाही. कॅराव्हॅन ओढेल का?” आमच्या गाडीमागे कॅराव्हॅन, म्हणजे गाडीला जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं घर, दिसली की कोणी ना कोणी हे विचारतंच, आणि विचारताना नजर हमखास बॉनेटकडे असते. तीन लाख किलोमीटर पळालेलं इंजिन, चढावर दम टाकेल का, ही धास्ती. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: ओढेल. इंजिनाच्या ताकदीची काळजी मी सगळ्यात शेवटी करते.

हिशेबच मांडू. टोयोटाचं वन-एचझेड इंजिन घ्या, १९९० पासून लँड क्रूझरमध्ये आलेलं. ४.२ लिटर, सहा सिलिंडर, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) नाही, ताकद १३० हॉर्सपॉवरच्या आसपास. गाडी आणि कॅराव्हॅन मिळून वजन ५ टन धरा आणि रस्ता ६ टक्के चढाचा, म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की ६ मीटर वर. ताशी ६० किलोमीटरने जायचं तर नुसतं वजन वर न्यायलाच साधारण ६५ हॉर्सपॉवर लागतात. टायरचा आणि हवेचा विरोध मिळवला की आकडा शंभराजवळ जातो. १३० मधून गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलने (दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या दात्यांच्या पेटीने) आपापला वाटा काढून घेतला की चाकांपर्यंत १०५-११० पोचतात. जमलं, पण काठावर. तोच चढ ८० ने चढायला १४० च्या वर लागतील आणि ते या गाडीत नाहीतच. त्यातून घाट उंचावरचा असेल तर दर हजार मीटरला हवा दहाएक टक्के विरळ होते आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद साधारण त्याच प्रमाणात उतरते. मग खालचा गिअर टाकायचा, डावीउजवीकडचा देखावा बघायचा आणि चढायचं. मागे रांग लागली तर जागा मिळेल तिथे बाजूला व्हायचं. मला यात कमीपणा वाटत नाही. ज्यांना वाटतो त्यांनी नवी गाडी घ्यावी, हे मी अगदी मनापासून सांगते.

जुन्या गाडीचा खरा शत्रू उष्णता. चढावर गाडीचा वेग कमी, म्हणजे समोरून येणारा वारा कमी, आणि नेमकं तेव्हाच इंजिन सगळ्यात जास्त तापतं. अशा वेळी सगळी भिस्त रेडिएटर आणि पंख्यावर. रेडिएटर वरून बघून काही कळत नाही. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत टॉर्च मारून बघा: वाळलेला चिखल, गवताचं बी, किडे, यांचा जाड थर सापडेल. कंडेन्सर पुढून चकचकीत दिसतो म्हणून कोणी मागे बघत नाही. पाणी नेहमी इंजिनाच्या बाजूने पुढे मारायचं, म्हणजे घाण आली त्याच वाटेने बाहेर पडते. आणि धार हलकी हवी, प्रेशरच्या पाण्याने पत्र्याच्या नाजूक पाकळ्या आडव्या होतात. मग पंखा. या गाड्यांच्या पंख्याला मध्ये सिलिकॉन तेल भरलेला व्हिस्कस क्लच असतो. तापलं की तो पंख्याला घट्ट धरतो, गार असताना सैल सोडतो. इंजिन तापवून बंद करा आणि पाती हाताने फिरवा. जड लागली पाहिजेत. भिंगरीसारखी गरगर फिरली तर क्लच गेला. चढावर पंख्याची घरघर ऐकू येते तेव्हा नवखे लोक घाबरतात. मला ती ऐकू आली नाही तर काळजी वाटते.

डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर फार विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मध्यावर स्थिर राहील असा बनवलेला असतो. तो हलायला लागतो तोवर उशीर झालेला असतो. आकडा दाखवणारा वेगळा गेज बसवून घ्या. आधीच्या मालकाने मागाहून टर्बो बसवून इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाचं डिझेल वाढवलं असेल तर एक्झॉस्टच्या तापमानाचा गेजही हवाच, कारण जुन्या मेकॅनिकल पंपाला हवा किती आली याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. पाय दाबला की तो डिझेल ओततो. जास्तीचं डिझेल काळा धूर होऊन निघतं आणि पिस्टन भाजतं. टर्बोच्या अलीकडे ७०० अंश दिसले की मी पाय उचलते.

गिअरबद्दल थोडक्यात: वजन ओढताना पाचवा विसरा. बहुतेक जुन्या गिअरबॉक्समध्ये चौथा थेट असतो, इंजिनाचा जोर दात्यांच्या जोड्यांतून न फिरता सरळ मागे जातो. पाचवा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सपाट रस्त्यावर इंजिन सावकाश फिरावं म्हणून दिलेला गिअर, आणि भार घ्यायला सहसा तोच कमकुवत. ऑटोमॅटिक असेल तर ओव्हरड्राइव्ह बंद ठेवा आणि गिअरबॉक्सच्या ऑइलला वेगळा कूलर लावा.

आता वजन, कारण इथे भलेभले फसतात. “माझी गाडी अमुक टन ओढू शकते” हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. कॅराव्हॅनचं टोक गाडीच्या बॉलवर (मागे ती जोडायचा लोखंडी गोळा) किती भार टाकतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. साधारण कॅराव्हॅनच्या वजनाच्या दहा टक्के धरतात. २ टनांची कॅराव्हॅन म्हणजे बॉलवर २०० किलो. हा बॉल मागच्या ॲक्सलच्याही मागे असतो, समजा १.२ मीटर. दोन ॲक्सलमधलं अंतर २.८५ मीटर असेल तर मागच्या चाकांवर २०० नाही, २८४ किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे ८४ कमी होतात. पुढची चाकं म्हणजे स्टिअरिंग आणि बरेचसे ब्रेक. वर डिकीत फ्रिज, छतावर सामान, भरलेली टाकी, चार माणसं. गाडीची मागची बाजू बसलेली दिसली की लोक स्प्रिंगमध्ये एअरबॅग, म्हणजे हवा भरायच्या रबरी पिशव्या, घालून घेतात. त्याने शेपूट उचललं जातं, पुढच्या चाकांवरून गेलेलं वजन मात्र परत येत नाही. ते परत आणायला वेट डिस्ट्रिब्यूशन हिच, म्हणजे भार पुढच्या चाकांकडे वाटून देणारा जोड, लागतो, आणि तोही गाडी बनवणाऱ्याने चालेल म्हटलं असेल तरच. सगळं भरून, माणसं बसवून एकदा वजनकाट्यावर जाऊन या. पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल, कॅराव्हॅन, तिन्ही वेगवेगळे तोला आणि गाडीवरच्या पाटीशी ताडून बघा.

बॉलवरचा भार कमी करायला म्हणून कॅराव्हॅनच्या मागच्या टोकाला जड सामान ठेवू नका. तशी कॅराव्हॅन वेग वाढला की डुलायला लागते, आणि एखादा ट्रक वाऱ्यानिशी शेजारून गेला की डुलणं वाढतच जातं. तेव्हा गाडीचा ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंगने पाठलाग करायचा नाही. पाय उचलायचा आणि कॅराव्हॅनचे ब्रेक हाताने लावायचे. त्यासाठी कॅराव्हॅनच्या इलेक्ट्रिक ब्रेकचा कंट्रोलर (गाडीतून ते लावायचं बटण) बसलेल्या जागेवरून, न बघता हाताला लागला पाहिजे. निघण्यापूर्वी मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी ३० च्या वेगात फक्त त्याने ब्रेक लावून बघा. कॅराव्हॅनने मागून गाडीला धरून ठेवल्यासारखं वाटायला हवं, पण तिची चाकं घसटायला नकोत.

आणि उतार. डिझेल इंजिन उतारावर गाडी आवळून धरतं हा समज कुठून आला कोण जाणे. जुन्या डिझेलला पेट्रोल इंजिनासारखी हवा अडवणारी झडप बहुधा नसते, त्यामुळे पाय उचलल्यावर ते म्हणावं तसं अडवत नाही. सिलिंडरमध्ये दाबलेली हवा पिस्टनला परत ढकलतेच. म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाकायचा, चढताना होता तो किंवा त्याच्या खालचा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ब्रेक ऑइल उकळतं. डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत तग धरतं, हवेतलं बाष्प शोषून घेतलं की तेच १४० पर्यंत घसरू शकतं. उकळलं की पाइपात वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. जुनी गाडी घेतलीत, तर हे ऑइल शेवटचं कधी बदललं हे आधीच्या मालकालाही बहुधा आठवत नसतं. विचारत बसू नका, बदलून टाका.

डिझेल किती पितं, हे विचारायचं राहिलंच असेल. ते तुमच्या पायावर आहे. ८० वरून १०० वर गेलात की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो आणि त्यासाठी लागणारी ताकद जवळजवळ दुप्पट. कॅराव्हॅनचं तोंड म्हणजे सपाट भिंत, ती हवेत रेटायची. मी ८०-८५ च्या वर जात नाही. खर्चाला हात घालणारच असाल तर आधी रेडिएटर, पंख्याचा क्लच, होज पाइप, ब्रेक आणि गाडीचे-कॅराव्हॅनचे टायर. कॅराव्हॅनचे टायर झिजण्याआधी वयाने जातात, तेव्हा नक्षी न बघता टायरच्या कडेवर छापलेलं बनवल्याचं वर्षच वाचा. टर्बो बसवायचं पुढच्या वर्षी बघू.