पाय मोडका ‘स्’ आणि आमची वाटचाल

घरच्या घरी मुलाला इंग्रजी वाचायला-लिहायला शिकवता यावं, म्हणून आम्ही साताऱ्यात अक्षरकार्डांचे संच बनवतो. 2000 साली राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं आणि घरोघरी आई, आजोबा, मोठी ताई, जो मोकळा असेल तो ‘सी-ए-टी कॅट’ घोकून घ्यायला बसला. त्यात गोम अशी, की सी, ए, टी ही नावं कितीही भराभर म्हटली तरी त्यातून ‘कॅट’ निघत नाही. मूल पाठ करतं, वाचत मात्र नाही. नवा शब्द आला की अडतं. अक्षराचं नाव नंतर, आवाज आधी, या एका हट्टावर आमचा धंदा उभा आहे. आणि याच हट्टापायी तो एकदा बुडता बुडता राहिला.

इंग्रजीत अक्षरं 26, आवाज साधारण 44. मराठी घराला इथे एक मोठी सोय आहे, ती म्हणजे पाय मोडका ‘स्’. टीचा आवाज ‘ट’ नाही, ‘ट्’ आहे, हे आपल्या आजीलासुद्धा एका वाक्यात समजतं. ‘स-ॲ-ट’ असं म्हटलंत तर मुलाला ‘सअॅट’सारखं काहीतरी ऐकू येतं आणि शब्द जुळत नाही. ‘स्-ॲ-ट्’ म्हटलंत की जुळतो. म्हणून आमच्या प्रत्येक व्यंजनाच्या कार्डामागे मोठ्यांसाठी देवनागरीत पाय मोडलेलं अक्षर छापलेलं असतं. अक्षरासमोर चित्र मात्र नाही. चित्र दिसलं की मूल अक्षराकडे बघतच नाही, चित्र ओळखून मोकळं होतं.

संच कसा आहे ते सांगतो. 300 जीएसएमचं (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचं) आर्ट कार्ड, दोन्ही बाजूंनी मॅट लॅमिनेशन, डाय मारून कोपरे गोल. ग्लॉसीवर ट्यूबलाइट चमकते आणि मूल कार्ड तिरकं धरतं, म्हणून मॅट. एकाच बाजूने लॅमिनेशन केलं तर पावसाळ्यात उघडी बाजू दमट हवा पिऊन फुगते आणि कार्ड पापडासारखं वाकतं, म्हणून दोन्ही बाजूंनी. स्वर लाल, व्यंजनं निळी. छोटा ‘ए’ पुस्तकी छपाईतला टोपीवाला नाही; मूल हाताने काढेल तसा, गोल आणि त्याला काठी. कॅपिटल अक्षरं पहिल्या संचात नाहीतच, कारण वाचताना डोळ्यांपुढे येतो तो मजकूर जवळजवळ सगळा लहान लिपीतला असतो.

प्रत्येक कार्डाच्या तळाशी एक जाड रेघ आहे. ती सुचवली कऱ्हाडच्या एका निवृत्त बालवाडीच्या बाईंनी. त्या आमच्या अगदी सुरुवातीच्या गिऱ्हाईक. पहिल्या संचातली कार्डं त्यांनी आमच्यासमोर टेबलावर पसरली आणि ‘बी’ उलटा फिरवून विचारलं, “आता हे काय झालं?” रेघ नसली तर ‘बी’चा ‘क्यू’ होतो, ‘डी’चा ‘पी’, ‘एन’चा ‘यू’. सुटं कार्ड मूल कसंही धरतं. तेव्हापासून रेघ आली. चिंचोक्यांची पुरचुंडीही बाईंचीच. तीन किंवा चार घरांची चौकट आखायची, शब्द म्हणायचा आणि प्रत्येक आवाजाला एक चिंचोका घरात सरकवायचा. ‘शॉप’ला चिंचोके तीन, अक्षरं चार. ‘बॉक्स’ला चिंचोके चार, अक्षरं तीनच. आवाज मोजणं आणि अक्षरं मोजणं ही दोन वेगळी कामं आहेत हे मुलाला बोटांनी कळतं. या ध्वनिचौकटीमागे सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ एल्कोनिन यांचं काम आहे, चिंचोके कऱ्हाडचे. घरात तीन वर्षांच्या आतलं भावंड असेल तर चिंचोके खेळ संपताच डबीत बंद करा, ते तोंडात जातात.

आता धंदा बुडता बुडता राहिला त्या वर्षाविषयी. एका शिक्षणसंस्थेची मोठी लेखी ऑर्डर आली होती. प्लेटा झाल्या, छपाई झाली, लॅमिनेशन, पंचिंग, डबे भरून तयार. माल उचलायच्या आठवड्यात संस्थेने कळवलं की अशाच कार्डांचा दुसरा संच निम्म्या किमतीत मिळतोय. तो संच आम्ही मागवून पाहिला. आमची तळाची रेघ, आमचे लाल-निळे रंग, चौकटसुद्धा तीच. वर मोठ्या अक्षरांत ‘तिप्पट कार्डं’, आणि प्रत्येक अक्षरासमोर रंगीत चित्र.

आमची नक्कल झाली याचा राग होताच. पण खरा संताप त्या चित्रांचा आला. एक्ससमोर झायलोफोन! त्या शब्दात एक्सचा आवाज ‘झ्’सारखा आहे, मुलाला हवा ‘क्स्’, जो बॉक्स-फॉक्समध्ये शेवटी येतो. आयसमोर आइस्क्रीम, म्हणजे ‘इ’ शिकवायच्या ठिकाणी ‘आय’. जीसमोर जिराफ, सीसमोर चेअर, एससमोर शिप, ओसमोर आउल. एकेक चित्र मुलाला चुकीचा आवाज शिकवत होतं आणि ते घराघरांत जाणार होतं. संस्थेच्या लोकांना आम्ही हे समोर बसून दाखवलं. “चित्रं छान आहेत,” एवढंच उत्तर मिळालं. ऑर्डर गेली. कागदवाल्याची उधारी, प्रेसचं बिल, जागेचं भाडं, सगळं एकदम अंगावर आलं. आधीच्या एका ऑर्डरपैकी त्या संस्थेकडे राहिलेली रक्कम आजही येणं आहे.

तेव्हा चित्रं घाला, दर पाडा, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. बाईंनी वेगळं केलं. डबे एसटीत घालून त्या माता-मेळाव्यांना गेल्या. भाषण नाही, एक चौकट, सहा कार्डं आणि समोरचं कुणाचंही मूल. एस, ए, टी, पी, आय, एन या सहाच अक्षरांतून सॅट, सिट, पिन, पॅन, टॅप, टिप, नॅप, निप, स्पिन, स्नॅप असे वीसच्या वर शब्द होतात. मूल तिथल्या तिथे दोन-तीन शब्द वाचायचं आणि आया डबा मागायच्या. गोदाम असं रिकामं झालं. पुढच्या पावसाळ्यात त्या स्वस्त संचांची कार्डं वाकलेली आम्ही बाजारात पाहिली. एकाच बाजूने ग्लॉसी. त्यानंतर धंदा रीतसर चालला आहे, त्यात सांगण्यासारखं फार नाही.

सांगण्यासारखं आहे ते घरी बसणाऱ्यांना. रोज दहा मिनिटं पुरतात. मूल कंटाळायच्या आधी उठा. आठवड्याला चार नवी अक्षरं, त्याहून जास्त नकोत. पहिले शब्द ‘स्’, ‘म्’, ‘न्’ने सुरू होणारे घ्या, कारण हे आवाज ओढता येतात: ‘स्स्सॅॅट्’. ‘प्’ आणि ‘ट्’ ओढता येत नाहीत, म्हणून ‘पॅट’ जरा नंतर. ‘बी’ आणि ‘डी’ एकाच आठवड्यात कधीही नाही. डीमध्ये पोट आधी, काठी नंतर. बीमध्ये काठी आधी. एक पक्कं झाल्यावरच दुसरं.

मराठी जिभेची दोन ठिकाणं सांभाळा. आपण ‘तीन’, ‘फूल’ लांब म्हणतो, त्याच सवयीने ‘टिन’चा ‘टीन’ होतो. मग आय लिहायचा की दोन ई, हे मुलाला कळत नाही. शिप-शीप, सिट-सीट, बिट-बीट अशा जोड्या आधी नुसत्या कानाने ओळखायला लावा. दुसरं व्ही आणि डब्ल्यूचं. ‘व्हॅन’ला वरचे दात खालच्या ओठावर, ‘वेट’ला ओठांचा चंबू. आरसा समोर धरला की मूल स्वतःच दुरुस्त करतं.

स्पेलिंग दहा-दहा वेळा लिहून घेऊ नका. तुम्ही शब्द म्हणा, मूल तो म्हणेल, चिंचोके सरकवेल, त्यांच्या जागी कार्डं ठेवेल, मग वहीत लिहील आणि लिहिलेलं वाचेल. दिवसाला चार शब्द पुरे. ऱ्हस्व स्वरानंतर शेवटी ‘क्’ आला तर सी-के: बॅक, किक, सॉक. एफ, एल, एस तशाच जागी दोनदा: ऑफ, बेल, मिस. बस, गॅस, इफ, यस हे अपवाद वेगळ्या पाकिटात ठेवा. शेवटी ‘व्ह्’ ऐकू आला तर व्हीपुढे ई येतो: गिव्ह, हॅव्ह. ‘सेड’, ‘वॉज’, ‘वन’ यांत पूर्ण शब्द पाठ नको. बाकीचा शब्द आवाजाने लिहू द्या आणि नेमका आडमुठा भाग तेवढा लाल पेन्सिलीने गोल करा.

सध्या दुसऱ्या संचाचं प्रूफ टेबलावर आहे. त्यात कार्डाच्या उजवीकडे ‘ई’ची दुमडती पट्टी आहे. पट्टी मागे घातली की कॅप, पुढे आणली की केप. तसंच किट-काइट, हॉप-होप, कब-क्यूब. पहिल्या डमीत घडीवर लॅमिनेशन तडकलं, कारण क्रीज, म्हणजे घडीची रेघ, कागदाच्या ग्रेनला (तंतूंच्या दिशेला) आडवी गेली होती. आता ती समांतर घेतली आहे. त्यासाठी शीटवर कार्डं फिरवून मांडावी लागली आणि एका शीटमध्ये कमी बसतात, त्यामुळे हा संच पहिल्यापेक्षा थोडा महाग असेल. हरवलेलं एखादं कार्ड पूर्वीसारखंच सुटं मिळेल. मागणी बहुतेक लाल कार्डांचीच असते, म्हणून स्वर आम्ही आधीपासूनच जास्तीचे छापून ठेवतो.