श्युंग कोण?

काउंटरवरच्या मुलीने आमचे पासपोर्ट उलटसुलट करून पाहिले, फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. परदेशी माणसाची नोंद तिच्या कॉम्प्युटरमध्ये करता येत नाही म्हणे. रात्रीचे साडेदहा वाजलेले. हे दुसरं हॉटेल. पहिल्याने खोल्या शिल्लक नाहीत असं सांगितलं होतं. ते निदान सभ्य खोटं होतं.

"आई, तू जरा गप्प बस. तुला मराठीत बडबडताना बघून ती घाबरतेय," लेक म्हणाली.

मी बसले. सोफ्यावर नाही, बॅगेवर. निषेध म्हणून.

लेकीने बीजिंगमधूनच फोन करून विचारायला हवं होतं, असं मी तेव्हा तिला सुनावलं. खरं सांगायचं तर ती विचारणार होती. "एवढं शहर आहे, मिळेल की कुठेतरी," हे माझंच वाक्य. तिसऱ्या हॉटेलात खोली मिळाली. तिथल्या बाईंनी न मागता गरम पाण्याचा थर्मास आणून दिला, तेव्हा कुठे माझा राग उतरला.

गाव डिंगजौ. बीजिंगच्या नैऋत्येला, साधारण दोनशे किलोमीटरवर. इथे कुणी पर्यटक आलाच तर तो काययुआन मंदिराचा मनोरा बघायला येतो. विटांचा, अकरा मजली, सुमारे ८४ मीटर उंच. इ.स. १००१ मध्ये काम सुरू झालं आणि १०५५ मध्ये संपलं. सोंग घराण्याच्या राजांना वरून उत्तरेकडच्या लियाओ राज्याच्या फौजेवर नजर ठेवायची होती. मनोरा सुंदरच आहे, आम्हीही पाहिला. पण आम्ही आलो होतो एका नाटकवाल्याच्या मागावर.

त्याचं असं झालं. लेक बीजिंगमध्ये चिनी शिकते. तिला भेटायला गेले, तर आधी पाच दिवस शांघाय झालं (त्यावर सगळ्यांनी लिहिलंय, मी लिहीत नाही). तिथे ह्वाशान रोडवरच्या नाट्य अकादमीत लेकीच्या मैत्रिणीने आम्हाला फिरवलं. एका जुन्या घरासमोर थांबून ती म्हणाली, हे फोशी लौ, आमच्या पहिल्या अध्यक्षांच्या नावाचं. श्युंग फोशी. जन्म १९००, ज्यांगशी प्रांतातला. शिक्षण येनचिंग विद्यापीठात, मग न्यूयॉर्कला कोलंबियात. परत येऊन बेइपिंगच्या, म्हणजे तेव्हाच्या बीजिंगच्या, कला महाविद्यालयात नाट्यविभागाचे प्रमुख. १९४७ पासून शांघायच्या नाट्यशाळेची धुरा त्यांच्याकडे. पुढे त्याच शाळेची अकादमी झाली आणि १९६५ मध्ये वारेपर्यंत ते तिथेच होते. हे सगळं मी एका कानाने ऐकत होते. मोठ्या माणसांची चरित्रं अशीच असतात: शिकले, परतले, प्रमुख झाले.

मग ती मुलगी सहज म्हणाली, "मध्ये पाच वर्षं ते खेड्यात होते. शेतकऱ्यांना घेऊन नाटकं करायचे."

माझे दोन्ही कान उभे राहिले.

आता माझी कबुली. मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि त्यातली निम्मी हौशी रंगभूमीवर काढली. एकदा दारूबंदीवरचं नाटक घेऊन आम्ही आठ गावं फिरलो. लिहिलेलं मीच. लोकांनी मन लावून पाहिलं, टाळ्या वाजवल्या, सरपंचांनी नारळ दिला. सातव्या गावात प्रयोग संपल्यावर पुढच्या रांगेतले चार बाप्ये उठून, माझ्यादेखत, समोरच्या गुत्त्यात गेले. एक जण जाताना म्हणाला, "बाई, काम झ्याक केलं हो दारुड्याचं." तेव्हापासून खेड्यात नाटक नेणारा शहरी माणूस दिसला की मला त्याला एकच विचारायचं असतं. त्यांना खरंच आवडलं, की पाहुणा म्हणून तुमचं मन राखलं?

श्युंग १९३२ मध्ये इथे, डिंगजौला आले, तेव्हा तिशी नुकतीच ओलांडलेली. बोलावणारे यान यांगचू. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये राबणाऱ्या चिनी मजुरांना अक्षरओळख करून देणारे ते हेच. हजार अक्षरांचं पुस्तक काढून त्यांनी साक्षरतेची चळवळ उभी केली आणि प्रयोगासाठी हा तालुका निवडला. अज्ञान, दारिद्र्य, आजारपण आणि स्वार्थ या चार रोगांवर औषध शोधायचं होतं. कुणी विहिरी, बियाणं, कोंबड्या बघायचं, कुणी दवाखाना, कुणी घरोघर जाऊन पाहणी करायचं. नाटकाचं खातं श्युंगकडे. चळवळीची कचेरी होती जुन्या परीक्षागृहात. १७३८ चं ते लाकडी खांबांचं बांधकाम अजून उभं आहे. सरकारी अधिकारी होऊ पाहणारे जिथे घाम पुसत पेपर लिहायचे, तिथे बसून ही मंडळी शेतकऱ्याला काय शिकवायचं ते ठरवत होती. मला तिथे उगाच हसू आलं. लेक म्हणाली, हळू, लोक बघतायत.

श्युंगचं सुरुवातीचं एक नाटक खाटकावर आहे. हा खाटीक सावकारीही करतो, दोन भावांत वाटणीवरून भांडण लावतो आणि घर गिळायला बघतो. हे कुठल्याही गावात चालेल. पण मला ओढ होती ती 'ग्वोडू'ची. या शब्दाचे दोन अर्थ, नदी पार करणं आणि एका काळातून दुसऱ्यात जाणं. आपला 'संक्रमण' त्याच्या जवळ जातो. गोष्ट साधी आहे. नदीवर होडीचा मक्ता एका धनदांडग्याकडे, आणि गावकऱ्यांना पूल बांधायचाय. हे त्यांनी डोंगबुलुओगांग नावाच्या खेड्यात, गावातच उभारलेल्या उघड्या नाट्यगृहात केलं. रंगमंचाला पायऱ्या, त्या थेट प्रेक्षकांत उतरलेल्या. नट प्रेक्षकांतून उठून यायचे, भांडण गर्दीत पसरायचं, आणि नट म्हणजे शेतकरीच. पडदा नाही. पूल सगळ्यांनी मिळून बांधायचा. १९३५ च्या सुमारास!

म्हणून दुसऱ्या दिवशी टॅक्सी ठरवली, जाऊन येऊन १५० युआन. घासाघीस लेकीने केली, मी फक्त नाराज चेहरा केला.

ऑक्टोबर होता. मका रस्त्यावर पसरलेला, अर्धा रस्ता पिवळाधमक. गाडी उरलेल्या अर्ध्यातून. गावात एका दुकानासमोर सात-आठ म्हातारे घडीच्या स्टुलांवर बसून पत्ते खेळत होते. लेकीने नमस्कार केला आणि विचारलं, "आजोबा, इथे पूर्वी एक उघडं नाट्यगृह होतं, श्युंग फोशींचं. ते कुठे होतं?"

"श्युंग कोण?"

तिने यान यांगचूंचं नाव घेतलं. ते त्यांना माहीत. डिंगजौ शहरात त्यांचं घर जपून ठेवलंय. पण नाट्यगृह? एकाने हात शाळेकडे केला. दुसऱ्याने पत्ते खाली ठेवले आणि उलट्या दिशेला बोट दाखवलं. पहिला चिडला. तिसरा म्हणाला, तुम्हा दोघांनाही काही कळत नाही. (हे मला लेकीने नंतर सांगितलं. तेव्हा मला फक्त हातवारे दिसत होते.) समोरच्या घरातून एक आजी शेंगदाणे पाखडायचं सूप घेऊन बाहेर आल्या आणि भांडणात घुसल्या. त्यांनी नवऱ्याला हाक मारली. नवरा आला तो तिसऱ्याच पक्षाचा. सायकलवरचा एक जण थांबला, पाय टेकवून ऐकू लागला, मग सायकल भिंतीला लावून स्वतःच बोलू लागला. आमचा टॅक्सीवाला, ज्याला या गावाचं काही घेणं-देणं नाही, तोही उतरून मत देऊन आला.

कुणीतरी माझ्या मागे स्टूल सरकवलं. मी बसले. वीस मिनिटं मी असं नाटक पाहिलं की विचारू नका. प्रवेश, एक्झिट, मध्येच हशा, एका आजोबांचा रुसवा. अक्षर कळत नव्हतं आणि कंटाळा येत नव्हता. मग आजी एकदम वळल्या, माझा हात धरून मला उठवलं आणि सगळ्यांच्या मधोमध उभं केलं. बांगड्या बघायच्या होत्या. सोन्याच्या का? किती ग्रॅम? मुलीचं लग्न झालं का? का नाही? लेकीने शेवटच्या दोन प्रश्नांचा अनुवाद करायला साफ नकार दिला, पण तिचा चेहरा बघून मला प्रश्न कळले आणि मी आजींच्या बाजूने मान डोलावली. केवढा हशा!

नाट्यगृहाची जागा शेवटपर्यंत ठरली नाही.

१९३७ मध्ये जपानी फौज आली आणि इथलं सगळं मोडलं. श्युंग मंडळी घेऊन दक्षिणेला गेले, छांगशा, मग छंगडू. तालुक्यातल्या प्रयोगांवर त्यांनी पुस्तक लिहिलंय, पण ते त्यांचं म्हणणं. माझा प्रश्न प्रेक्षकांना होता.

म्हणून निघताना मी लेकीला विचारायला लावलंच. इथल्या लोकांना नाटक आवडतं का हो?

"आवडतं म्हणजे!" आजी म्हणाल्या. आणि त्या यांगगंबद्दल बोलायला लागल्या. यांगगं म्हणजे इथलं जुनं गाण्याचं नाटक: सासू-सून, पळून गेलेला नवरा, चावट विनोद. चळवळीच्या लोकांनीच १९३३ मध्ये त्याच्या अठ्ठेचाळीस संहिता गावकऱ्यांच्या तोंडून उतरवून छापल्या होत्या. सुधारणा बाजूला ठेवून त्यांनी एवढं केलं, याचं मला फार कौतुक वाटतं. मी दारूबंदी घेऊन गेले, तेव्हा त्या आठ गावांतलं एक गाणंही उतरवून घेतलं नाही.

आजींनी मला दोन ओळी म्हणून दाखवल्या, पत्तेवाल्यांतल्या एकाने तिसरी जोडली आणि दोघांचं शब्दांवरून वाजलं.

"नव्या वर्षात या," त्या म्हणाल्या. "पहिल्या महिन्यात. आत्ता आलात, आत्ता काय आहे? मका आहे."

टॅक्सीवाल्याने थांबण्याचे तीस युआन जास्त मागितले. मी म्हटलं, भांडणात तूही होतास की. लेकीने याचाही अनुवाद केला नाही.