महालक्ष्मीचा रेसचा रविवार : पहिल्यांदा जाणार असाल तर डर्बी सोडून जा

महालक्ष्मीला पहिल्यांदाच रेस बघायला जाणार असाल तर डर्बीच्या, म्हणजे सीझनमधल्या सगळ्यात मोठ्या रेसच्या, दिवशी जाऊ नका. सल्ला नेमका याच्या उलट मिळतो. जायचंच तर फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी जा, सगळी मुंबई असते, असं सांगतात. सगळी मुंबई असते, आणि अडचण तीच आहे. त्या दिवशी पॅडॉकच्या, म्हणजे रेसआधी घोडे फिरवतात त्या रिंगणाच्या, कठड्याला माणसांच्या तीन रांगा असतात, खिडकीवर पोचेपर्यंत पैजा बंद होतात, आणि घोडा दिसतो तो पुढच्याच्या मोबाईलच्या पडद्यावर. कपडे आणि टोप्या बघायच्या असतील तर खुशाल जा. रेस बघायची असेल तर डिसेंबर-जानेवारीतला साधा रविवार किंवा गुरुवार धरा. मुंबईचा सीझन साधारण नोव्हेंबर ते एप्रिल चालतो.

दुसरा बिघडलेला सल्ला म्हणजे 'नवीन आहेस ना, मग फेवरेटवर लाव, सेफ असतं'. फेवरेट म्हणजे ज्यावर सगळ्यात जास्त पैसे लागलेत तो घोडा. हा सल्ला आता साफ चुकीचा आहे. तो पुढे हिशेबासकट येईल, कारण दिवस खराब होतो तो मुख्यतः त्यानेच.

पोचायचं कसं ते थोडक्यात. महालक्ष्मीला फास्ट लोकल थांबत नाही, तेव्हा दादरला किंवा मुंबई सेंट्रलला उतरून स्लो धरा. धोबीघाट रुळांच्या पूर्वेला, रेसकोर्स पश्चिमेला. स्टेशनवरून हाजीअलीच्या दिशेने दहा-पंधरा मिनिटं चालणं आहे. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ चंही महालक्ष्मी स्टेशन आहे, पण ते सात रस्त्याच्या बाजूला, म्हणजे रूळ ओलांडून चालावं लागतं. गाडी आणू नका. सभासदांच्या भागात पाहुणा म्हणून कोणी नेणार असेल तर कपड्यांचे नियम आधी विचारून घ्या. जीन्स-चप्पल घालून गेलात तर दारातूनच परत याल. बाकीच्यांनी पब्लिक एन्क्लोजरचं तिकीट काढावं, त्यात काहीही कमी नाही. पहिली रेस दुपारी सुटते. वेळापत्रक बघून निदान पाऊण तास आधी आत शिरा. आत आल्या आल्या रेसबुक घ्या आणि सावलीत बसून वाचा. हा पाऊण तास वाचवलेले लोक नंतर दिवसभर आकड्यांकडे बघून नुसते माना हलवतात.

रेसबुकात शोधायचं काय? आधी क्लास. क्लास चारची रेस म्हणजे रेटिंग (घोड्याच्या कुवतीचा आकडा) २० ते ४६ चे घोडे, क्लास तीन म्हणजे ४० ते ६६. रेटिंगच्या एका आकड्याला अर्धा किलो वजन. म्हणजे ४६ चा घोडा २० च्या घोड्यापेक्षा तेरा किलो जास्त वजन घेऊन पळतो. ही वजनं ठरवणाऱ्या हँडिकॅपरची इच्छा असते की सगळे एका ओळीत यावेत. म्हणून कागदावर सगळ्यात चांगला दिसणारा घोडा बऱ्याचदा हरतो आणि नवा माणूस 'खेचला, खेचला', म्हणजे जॉकीने घोडा मुद्दाम आवरला, म्हणून ओरडतो. प्रत्येक वेळी कोणी घोडा खेचत नाही, वजन खेचतं. लक्ष ठेवावं ते नुकतंच जिंकून वरच्या क्लासात चढलेल्या घोड्यावर. खालच्या क्लासात तो सगळ्यात जड होता, इथे सगळ्यात हलका असतो.

मग अंतर. हजार मीटरची रेस मिनिटाभरात संपते, आणि दुर्बीण नसेल तर त्यातली शेवटची वीस सेकंदंच दिसतात. कार्डात सोळाशे किंवा त्याहून लांब अशा निदान दोन रेस असलेला दिवस निवडा. चोवीसशेची रेस असेल तर उत्तमच. ट्रॅकचा फेरा साधारण तेवढाच असल्याने ती स्टँडसमोरूनच सुटते, आणि घोडे गेटमध्ये शिरताना जवळून बघायला मिळतात. महालक्ष्मीला घोडे उजव्या हाताला वळतात आणि ड्रॉ म्हणजे सुटताना घोड्याला मिळालेली जागा, ड्रॉ एक म्हणजे आतल्या कठड्याजवळची. छोट्या अंतरात बाहेरच्या ड्रॉचा घोडा वळणावर जास्त जमीन कापतो, लांबच्या रेसमध्ये त्याला सावरायला वेळ मिळतो.

आता मुख्य गोष्ट. दोन रेसमध्ये साधारण अर्धा तास असतो आणि रेस स्वतः एक ते अडीच मिनिटांची. म्हणजे चार-साडेचार तासांच्या दिवसात प्रत्यक्ष पळणं पंधरा मिनिटांच्या आतबाहेर. उरलेला वेळ खुर्चीत बसून काढलात तर तिसऱ्या रेसला जांभई येणारच. रेसकोर्सवरचे जुने लोक कधी बसलेले दिसतात का बघा. पॅडॉक, खिडकी, स्टँड, पुन्हा पॅडॉक, असा त्यांचा फेरा चालू असतो, आणि दिवसाची मजा त्या फेऱ्यातच आहे. पायात बूट चांगले हवेत. एवढं चालायचं असून पुण्या-मुंबईची निम्मी मंडळी टाचेच्या सँडल घालून का येतात कळत नाही.

रेस संपली की आधी पॅडॉक गाठा. पुढचे घोडे मोतद्दारांबरोबर गोल फिरत असतात. दोन फेऱ्या एका जागी उभं राहून बघा, घोड्याबरोबर कठड्याने फिरू नका. चाल बघा. चांगल्या चालीच्या घोड्याचा मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्या पुढे पडतो, मान खाली आणि सैल असते, कान हलते असतात. मग घाम. मुंबईच्या दुपारी थोडाफार सगळ्यांनाच सुटतो, त्याचं काही नाही. पण बाकीचे कोरडे असताना एकाच्याच मागच्या मांड्यांमध्ये साबणासारखा पांढरा फेस आला असेल, लगाम मानेवर घासतो तिथेही तोच फेस, आणि एका घोड्याला दोन-दोन माणसं धरून असतील, तर त्याची निम्मी रेस पॅडॉकमध्येच पळून झाली. फेवरेट असला तरी सोडा. पहिल्यांदाच ब्लिंकर (डोळ्यांची झापडं) घातलेला घोडा मात्र लक्षात ठेवा. आधी मधेच रेंगाळणारा घोडा त्याने कधीकधी एकदम सरळ पळतो. कधीकधी, नेहमी नाही.

जॉकी चढले की लगेच खिडकीकडे वळा. रेस सुटायला आठ-दहा मिनिटं असताना खिडक्या मोकळ्या असतात. दिवसाचा सगळ्यात वाईट तुकडा म्हणजे शेवटची पाच मिनिटं, आणि तो पूर्णपणे टाळता येतो. तेव्हा बोर्डावर भाव हलायला लागतात, 'भाव तुटला' अशी कुजबूज होते आणि सगळे एकदम रांगेत घुसतात. तुमच्या पुढचा माणूस जॅकपॉटची (अनेक रेसचे विजेते ओळखायची पैज) लांबलचक कॉम्बिनेशन्स वाचून दाखवत असतो, मागचा खांद्यावरून पाचशेची नोट पुढे करतो, खिडकीतला माणूस नंबर पुन्हा विचारतो, आणि घंटा होते. हातात चुकीच्या नंबराचं तिकीट येण्याचे प्रकार याच पाच मिनिटांत घडतात. क्रमाने बोला : रेस नंबर, पूल, घोड्याचा नंबर, रक्कम. पूल म्हणजे पैजेचा प्रकार : विन म्हणजे घोडा पहिलाच यायला हवा, प्लेस म्हणजे पहिल्या काहींत आला तरी चालतो. घोड्याचं नाव सांगू नका. तिकीट हातात आलं की तिथेच वाचा, रांग सोडल्यावर कोणी ऐकत नाही. सुट्टे पैसे न्या.

आता तो हिशेब. १ जुलै २०१७ पासून रेसच्या पैजेवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. कर नफ्यावर नाही, लावलेल्या रकमेवर आहे. शंभराच्या पैजेवर चाळीस कर धरला तर खिशातून एकशेचाळीस गेले. मुंबईत डिव्हिडंड, म्हणजे लागलेल्या पैजेवर हातात येणारी रक्कम, दहा रुपयांवर सांगतात. म्हणजे विनला १४ पेक्षा कमी मिळाले तर तुमचा घोडा जिंकूनही तुम्ही हरलात. पक्क्या फेवरेटचं विन अनेकदा १२-१३ च्या आसपास असतं आणि प्लेस त्याहून खाली. 'फेवरेटवर प्लेस, सेफ' हे त्यामुळे आता हळूहळू हरण्याचं दुसरं नाव आहे. तिकिटाच्या रकमेत कर धरलाय की वेगळा, हे पहिल्याच खेपेला खिडकीवर विचारून घ्या आणि मग दिवसाचं बजेट ठरवा. आठही रेस खेळायच्या नाहीत. चार निवडा, बाकीच्या नुसत्या बघा. दहा हजारांवर बक्षीस लागलं तर ३० टक्के टीडीएस कापला जातो, म्हणून पॅन जवळ असू द्या. पहिल्या भेटीत ही वेळ फारशी येत नाही.

गेटपासून आतपर्यंत 'खबर आहे' म्हणत जवळ येणाऱ्यांना एक पैसा देऊ नका. युक्ती जुनी आहे. आठ घोड्यांच्या रेसमध्ये आठ जणांना आठ वेगवेगळे घोडे सांगायचे, कोणाचा तरी लागतोच. मग त्या एकाकडे हसत जायचं आणि बक्षिसी मागायची. बाकीचे सात तोवर गर्दीत हरवलेले असतात. खरी खबर ज्याच्याकडे आहे तो ती स्वतः खेळेल, तुम्हाला सांगून स्वतःचा भाव का पाडेल? त्यापेक्षा वर्तमानपत्रात छापून येणारी सकाळच्या सरावाची टिपणं वाचा. अमुक घोडा, ६०० मीटर, ४० सेकंद, सहज. फुकट आहेत आणि डोळ्यांनी बघून लिहिलेली आहेत.

स्टँडवर जागा शोधताना सगळे विजयखांबाच्या समोर चेंगरतात. खांबाच्या शंभर-दीडशे मीटर अलीकडे उभे राहा. मारामारी तिथे होते, कोणाचा घोडा संपला आणि कोणाचा अजून शिल्लक आहे हे तिथेच दिसतं. फक्त तिथून निकाल सांगायला जाऊ नका. खांबाच्या अलीकडे उभे असाल तर तुमच्या बाजूचा घोडा पुढे वाटतो आणि पलीकडे असाल तर लांबच्या कठड्याचा. ओळखीच्या माणसांत भांडणं होतात ती यावरूनच. दुर्बीण सात किंवा आठ पटीची पुरे. दहाची हातात थरथरते आणि पलीकडच्या बाजूचे घोडे नुसते उड्या मारताना दिसतात. नंबर शोधत बसू नका, जॉकीच्या शर्टाचा आणि टोपीचा रंग पॅडॉकमध्येच पाठ करा.

रेस संपली की एक चूक जवळजवळ प्रत्येक नवखा करतो. हरलेलं तिकीट फाडतो. थांबा. निकाल फोटोवरून लागायचा असेल, कोणी ऑब्जेक्शन घेतलं असेल, स्टुअर्ड (रेसचे पंच) फिल्म बघत असतील. पहिल्या घोड्याने दुसऱ्याला आडवं कापलं असेल तर नंबर बदलतात. निकाल पक्का झाल्याची घोषणा होईपर्यंत तिकीट खिशात. खाली वाकून फाटलेले तुकडे जुळवणारी माणसं दर सीझनला दिसतात, आणि त्या तुकड्यांचे पैसे मिळवायला जी यातायात पडते ती बघवत नाही.

पुण्याचं म्हणाल तर तिथला सीझन पावसाळ्यात, जुलैपासून. एम्प्रेस गार्डनला लागून मैदान, गर्दी कमी, सगळं निवांत. जमीन भिजलेली असते म्हणून मुंबईचा फॉर्म तिथे जसाच्या तसा लावू नका. छत्री घ्या. सप्टेंबरात इंडियन सेंट लेजर असते, २८०० मीटर, वर्षातल्या मानाच्या, म्हणजे क्लासिक, रेसमधली सगळ्यात लांब. ती चुकवू नका.

महालक्ष्मीला शेवटच्या रेसला थांबायचं असेल तर आधीच्या सगळ्या लागलेल्या तिकिटांचे पैसे सातव्या-आठव्या रेसच्या मधल्या अर्ध्या तासात उचला. शेवटच्या रेसनंतर पैसे देणाऱ्या खिडकीवर आणि हाजीअलीच्या सिग्नलला एकाच वेळी गर्दी होते. टॅक्सीच्या मागे लागू नका, आलात तसे चालत स्टेशनला जा.