विकून टाकलेलं इंजिन आणि काळी ब्यूइक

अमेरिकन मसल कार म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं, मोठं व्ही-८ म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, लाल नाहीतर पिवळा रंग, बॉनेटवर पट्टे. आणि माझी सगळ्यात आवडती गाडी कुठली विचाराल तर १९८७ची ब्यूइक ग्रँड नॅशनल, जी चौकोनी आहे, पूर्ण काळी आहे, आणि जिच्यात दोन सिलिंडर कमी आहेत. मित्र हसतात, हसू देत. बहुतेक लोक गाडीची गोष्ट सांगतात, पण माझ्या मते खरी गोष्ट तिच्या इंजिनाची आहे, कारण हे इंजिन एकदा घरातून चक्क विकून टाकलं होतं.

१९६२च्या ब्यूइक स्पेशलसाठी स्वस्तातलं इंजिन पाहिजे होतं. ब्यूइककडे ॲल्युमिनियमचं छोटं व्ही-८ होतं, पण ते महाग पडायचं, मग त्याच धर्तीवर दोन सिलिंडर कमी करून ओतीव लोखंडाचं व्ही-६ केलं. आता व्ही-८ला ९० अंशाचा कोन शोभतो, व्ही-६ला नाही. समोरासमोरचे दोन पिस्टन क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात त्याच्या, एकाच पिनवर, त्यामुळे दर १२० अंशांनी ठिणगी पडायच्या ऐवजी एकदा ९०वर, एकदा १५०वर, परत ९०वर. इंजिन लंगडत चालल्यासारखं वाटायचं, चालू असताना थरथरायचं. पेट्रोल स्वस्त, व्ही-८ची हौस, मग हे थरथरणारं कोणाला हवंय? १९६७मध्ये ब्यूइकने सगळी यंत्रसामग्री जीप बनवणाऱ्या कैसर-जीपला विकली. जीपवाल्यांना थरथरीचं काही वाटलं नाही, त्यांनी जड फ्लायव्हील लावून वापरलं. पुढे जीप एएमसीकडे (अमेरिकन मोटर्स) गेली, त्यांच्याकडे स्वतःची सहा सिलिंडरची इंजिनं होतीच, म्हणून १९७१मध्ये हे बंद. यंत्रं पडून राहिली.

मग १९७३चं तेलसंकट आलं आणि ब्यूइकला एकदम आठवण झाली की अरे, आपलं एक छोटं इंजिन होतं की! भंगारातून एक जुनं व्ही-६ आणून गाडीत बसवून बघितलं असं सांगतात, आणि १९७४मध्ये आपलीच यंत्रं एएमसीकडून परत विकत घेतली. काखेत कळसा असताना गावाला वळसा घालतात, इथे तर कळसाच विकून परत आणला. १९७७मध्ये क्रँकची पिन दोन भागांत करून ३० अंशांनी सरकवली आणि एकदाची ती लंगडी चाल गेली.

टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, १९७८ला आला, पण कार्ब्युरेटरवाला, म्हणजे टर्बो कार्ब्युरेटरमधून हवा-पेट्रोलचं मिश्रण ओढून मग इंजिनात ढकलणार. शिवाय दाब वाढला की नॉकिंग, म्हणजे पेट्रोल वेळेआधीच भडकून होणारी खडखड. त्यासाठी नॉक सेन्सर लावला, खडखड ऐकू आली की ठिणगी आपोआप उशिरा. १९७८च्या मानाने भारीच डोकं.

ग्रँड नॅशनल हे नाव नॅसकार या अमेरिकन मोटार शर्यतींवरून. ब्यूइकने १९८१ला तिथे उत्पादकांचं अजिंक्यपद जिंकलं (८२लाही जिंकलं), म्हणून १९८२ला आपल्या रिगल गाडीवरून पहिली ग्रँड नॅशनल काढली, पण ती करडी-चंदेरी होती, काळी नाही. काळी १९८४पासून, आणि त्याच वर्षी प्रत्येक सिलिंडरला क्रमाने पेट्रोल देणारं फ्युएल इंजेक्शन आलं आणि प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर गेला, त्याच्या जागी तीन कॉइलचा गठ्ठा, एकेक कॉइल दोन सिलिंडर सांभाळणार. १९८६ला टर्बोची गरम हवा थंड करणारा इंटरकूलर मिळाला आणि पॉवर २३५ हॉर्सपॉवरवर, १९८७ला २४५. त्या वर्षीची कॉर्व्हेट होती २४० हॉर्सपॉवर! आजोबा-आजींची गाडी बनवणारी कंपनी आपल्याच मालक कंपनीच्या, जीएमच्या (जनरल मोटर्स), लाडक्या स्पोर्ट्स कारच्या पुढे, कागदावर तरी.

चालवायची पद्धत मजेशीर. सिग्नलला एका पायाने ब्रेक घट्ट दाबायचा, दुसऱ्याने हळूहळू ऍक्सिलरेटर, म्हणजे टर्बो फिरायला लागतो, गाडीचं बूड खाली बसतं, मग ब्रेक सोडायचा. नाहीतर टर्बोचा लॅग आहेच, आधी काहीच नाही आणि मग एकदम पाठीत लाथ. त्यात पॉवरमास्टर नावाचा ब्रेक, कारण टर्बो इंजिनात ब्रेक बूस्टरला व्हॅक्यूमचा भरवसा नसतो, म्हणून विजेच्या पंपाने प्रेशर देणारा. बिघडला की पेडल दगडासारखं होतं, म्हणून जुन्या गाड्यांचे मालक तो काढून टाकतात. मी असतो तर पहिल्या दिवशीच काढला असता.

१९८७ हे शेवटचं वर्ष, मागची चाकं ओढणाऱ्या त्या चौकोनी रिगलचंच उत्पादन थांबणार होतं. जाता जाता मॅकलारेन आणि एएससी या बाहेरच्या कंपन्यांच्या हातून जीएनएक्स ही खास ग्रँड नॅशनल निघाली, फक्त ५४७ गाड्या, सिरॅमिक टर्बाइनचा टर्बो, मागच्या ॲक्सलला वेगळी बांधणी, पुढच्या मडगार्डवर हवा सोडायच्या फटी. कागदावर २७६ हॉर्सपॉवर, पण ते आकडे कमी सांगितलेत असंच सगळे मानतात.

गाडी गेली पण इंजिन नाही गेलं. १९८९मध्ये जीएमच्याच पॉन्टियॅकने हेच टर्बो व्ही-६ आपल्या ट्रान्स ॲम स्पोर्ट्स कारमध्ये बसवलं, जागा पुरेना म्हणून सिलिंडर हेड दुसऱ्या गाड्यांची वापरावी लागली, आणि ती इंडी ५०० शर्यतीची पेस कार, म्हणजे सुरुवातीला सगळ्यांच्या पुढे धावणारी गाडी, झाली. त्या वर्षीच्या ट्रान्स ॲममधली सगळ्यात जोरात पळणारी तीच, व्ही-८वाल्या मागे.