डिसेंबरात बीव्हर स्टेडियम: कॉलेज फुटबॉल प्लेऑफला घरच्या मैदानावर जाणाऱ्यांसाठी

शनिवार, २१ डिसेंबर २०२४. पेन स्टेट (पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटी) विरुद्ध एसएमयू (डॅलसची सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटी), दुपारी बाराचा सामना, तापमान शून्याखाली चार अंशांच्या आसपास आणि स्टँडमध्ये लाखाहून जास्त माणसं. कॉलेज फुटबॉलचा (अर्थात अमेरिकन फुटबॉलचा) प्लेऑफ, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाची बाद फेरी, चार संघांवरून बारा संघांवर गेला, त्याचं हे पहिलं वर्ष. पहिल्या चार मानांकनांना थेट पुढची फेरी. पाच ते आठ क्रमांकांच्या संघांनी नऊ ते बारा क्रमांकांच्या संघांना आपापल्या कॅम्पसवर बोलवायचं. याआधी प्लेऑफ म्हणजे ठरलेली तटस्थ मैदानं, बहुतेक उबदार किंवा छताखालची, आणि तारीख-जागा वर्षभर आधी माहीत. आता सामना कुठे होणार हे तेरा दिवस आधी कळतं, आणि तो अशा गावात असू शकतो जिथे स्टेडियम गावाहून मोठं आहे.

पेन स्टेटचं स्टेट कॉलेज हे तसंच गाव. पेनसिल्व्हेनियाच्या मधोमध, डोंगररांगांमध्ये. विद्यापीठ वगळलं तर मागे फार काही उरत नाही. बीव्हर स्टेडियमची तेव्हाची क्षमता १,०६,५७२. सप्टेंबर-ऑक्टोबरात ही गर्दी गाव दर दुसऱ्या शनिवारी पचवतं. डिसेंबरातली अडचण वेगळी असते आणि ती मैदानावर दिसत नाही. ती खोल्यांची, पाण्याची आणि राबणाऱ्या हातांची असते.

आधी तारखांचं गणित नीट समजून घ्या, कारण सगळं बुकिंग त्यावर अवलंबून आहे. ७ डिसेंबरच्या रात्री पेन स्टेट बिग टेन परिषदेच्या (विद्यापीठ संघांच्या एका गटाच्या) अंतिम सामन्यात ओरेगनकडून ४५-३७ हरलं. जिंकलं असतं तर पहिल्या चारात जाऊन थेट पुढच्या फेरीत गेलं असतं, आणि स्टेट कॉलेजमध्ये सामनाच झाला नसता. हरल्यामुळे सहावं मानांकन आणि घरचा सामना. म्हणजे यजमानपदाची तयारी नोव्हेंबरपासून करायची, पण ती वाया जावी अशीच प्रार्थना करत! प्रेक्षकानेही तेच करायचं: नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून क्रमवारी दर आठवड्याला जाहीर होते, तेव्हा संघ चार ते नऊच्या आसपास दिसला की रद्द करता येणारी खोली धरून ठेवावी. निवड रविवारी दुपारी जाहीर होते. त्यानंतर तासाभरात जवळच्या खोल्या संपतात, आणि उरलेल्या किमान दोन रात्रींच्या अटीवर, तिप्पट-चौपट दराने मिळतात. खोली आधी, तिकीट नंतर. तिकीट शेवटच्या दिवशीही मिळतं, खोली मिळत नाही.

खोली कुठे शोधायची? बेलफॉन्ट सगळ्यात जवळ, पण तेही लगेच भरतं. अल्टूना (सुमारे ६५ किलोमीटर) आणि लुइसटाउन हे खरे पर्याय. हॅरिसबर्गला राहून सकाळी निघता येतं, पण बाराच्या सामन्यासाठी पहाटे साडेपाच-सहाला रस्त्यावर असायला हवं, अंधारात आणि कदाचित बर्फात. हिवाळ्यात हा बेत दोन चालक असतील तरच करावा.

पोहोचण्याबद्दल. स्टेट कॉलेजचा विमानतळ छोटा आहे, उड्डाणं मोजकी, आणि वाईट हवेत आधी तीच रद्द होतात. हॅरिसबर्गहून गाडीने पावणेदोन तास, पिट्सबर्गहून पावणेतीन ते तीन, फिलाडेल्फियाहून सव्वातीन, न्यू जर्सीच्या मराठी वस्त्यांमधून साधारण चार. हे कोरड्या रस्त्याचे आकडे. बर्फ असेल तर दीडपट धरा. ॲमट्रॅकची पेनसिल्व्हेनियन गाडी गावात येत नाही, अल्टूना, टायरोन, लुइसटाउन अशी बाजूने जाते, आणि तिथून पुढे टॅक्सी मिळेल याची खात्री नसते. भाड्याच्या गाडीत काच धुण्याचं पाणी उन्हाळी असेल तर ते नळीतच गोठतं. ताब्यात घेतानाच विचारा आणि नसेल तर हिवाळी द्रवाची एक बाटली विकत घेऊन टाका. टपावरचा बर्फ झाडून मगच निघायचं. पेनसिल्व्हेनियात २०२२ पासून तसा कायदाच आहे. रस्त्यांची स्थिती ५११ पीए या सरकारी सेवेवर दिसते.

आता पाणी. बीव्हर स्टेडियम या जागी १९६० पासून उभं आहे, पोलादी सांगाड्याचं, खालचे फिरण्याचे रस्ते उघडे. शौचालयं आणि खाद्यपदार्थांच्या टपऱ्यांना जाणारे बरेचसे नळ उघड्या हवेत. पूर्वी नोव्हेंबरातला शेवटचा घरचा सामना झाला की पाणी बंद करून नळ रिकामे केले जायचे, कारण आत पाणी राहिलं तर ते गोठून फुगतं आणि सांध्यावर नळ फुटतो. प्लेऑफ घरी खेळायचा तर हे पाणी डिसेंबरच्या शेवटापर्यंत चालू ठेवावं लागतं: नळांभोवती उष्णतारोधक आवरण, गरम राहणारी तार, शौचालयांच्या दाराशी हीटर, आणि रात्रभर बारीक धार सोडून ठेवणं. २०२४ च्या मे महिन्यात मंजूर झालेल्या ७० कोटी डॉलरच्या नूतनीकरणात हिवाळी तयारीचं काम आहे. तरीही टोकाच्या विभागांत एखादं शौचालय बंद आणि शेजारी फिरती शौचालयं, हे चित्र कुठल्याही उत्तरेकडच्या स्टेडियममध्ये गृहीत धरा. फिरत्या शौचालयांच्या टाकीत मीठ किंवा गोठणविरोधी द्रव घालतात, पण हात धुण्याच्या टाक्या गोठतातच. सॅनिटायझर खिशात असू द्या. मध्यंतरात रांगेत उभं राहण्यापेक्षा दुसऱ्या क्वार्टरची चार-पाच मिनिटं उरलेली असताना उठलेलं बरं.

हातांची टंचाई बाहेरच्या माणसाला सहसा सुचत नाही. अशा स्टेडियममध्ये खाण्याच्या टपऱ्या चालवणारे बरेचदा स्थानिक संस्था, शाळांचे गट, विद्यार्थी क्लब असतात. कमाईचा वाटा त्यांच्या निधीला जातो. दारावर तिकीट तपासणारे, पार्किंगमध्ये झेंडे दाखवणारे यांतही विद्यार्थी पुष्कळ. सामना सत्र संपताना, नाताळच्या तोंडावर. पोरं घरी गेलेली, वसतिगृहं बंद होत आलेली. टपऱ्या कमी उघडतात, रांगा लांबतात, गरम पेय आधी संपतं. म्हणून आत शिरल्या शिरल्या, किकऑफच्या (सामना सुरू होण्याच्या) आधीच, खाऊन घ्यावं. गावात उरतात ते परदेशी विद्यार्थी, आणि त्यांत मराठी पोरं थोडी नसतात. त्यांना या दिवशी काम सहज मिळू शकतं. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर सुट्टीत कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांची मर्यादा नसते हे खरं, पण स्टेडियममधलं काम बाहेरच्या कंत्राटदाराचं असेल तर ते कॅम्पसवरचं काम धरलं जाईलच असं नाही. डीएसओला (विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांचा व्हिसा पाहणाऱ्या अधिकाऱ्याला) लेखी विचारल्याशिवाय हो म्हणू नका. ‘स्वयंसेवक’ म्हणून बोलावलं तरी.

तिकिटांत पहिला हक्क हंगामी तिकीटधारकांचा, मग विद्यार्थ्यांचा. पाहुण्या संघाच्या वाट्याला ३,५०० तिकिटं येतात. बाकी सगळा पुनर्विक्रीचा बाजार. तिथे भाव ठरतो अंतरावर. डॅलसहून स्टेट कॉलेज रस्त्याने दोन हजार किलोमीटरहून जास्त, त्यामुळे एसएमयूचे लोक थोडे आणि तिकीट तुलनेने स्वस्त. उलट त्याच फेरीतला इंडियाना विरुद्ध नोटर डेम हा एकाच राज्यातला सामना, आणि तिकिटं भयंकर महाग. अशा वेळी जाहीर झाल्यानंतरचे दोन दिवस भाव चढतो, हवेचा अंदाज वाईट आला की उतरतो. पाहुणा संघ दूरचा असेल तर शेवटच्या दोन दिवसांपर्यंत थांबायला हरकत नाही. जवळचा असेल तर थांबू नका.

तिकीट फोनवरच येतं आणि स्क्रीनशॉट चालत नाही. लाखभर लोक एकत्र आले की नेटवर्क बसतं, म्हणून घरूनच ते फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून ठेवा. थंडीत बॅटरी तीस टक्क्यांवरून सरळ बंद पडते. फोन आतल्या खिशात, अंगाला लागून. पिशवी पारदर्शक, साधारण ३० बाय ३० बाय १५ सेंटिमीटरपर्यंत. घोंगडी असेल तर हातात किंवा खांद्यावर मोकळी न्यायची, पिशवीत कोंबली की तपासणीत वेळ जातो.

सामन्याआधीचं टेलगेटिंग, म्हणजे गाडीच्या मागे चूल मांडून खाणं-पिणं, हा निम्मा कार्यक्रम. बीव्हर स्टेडियमभोवतीची बरीचशी वाहनतळं म्हणजे साधी गवताची कुरणं आहेत. जमीन कडक गोठलेली असेल तर उत्तम. खरा त्रास शून्याच्या किंचित वर: वरचा थर वितळतो, चाकं रुततात, आणि मग काही कुरणं बंद करून गाड्या लांबच्या वाहनतळांकडे वळवल्या जातात. परवाना आधी ऑनलाइन घ्या, गाडीत एक फळी किंवा जुनी सतरंजी ठेवा.

आणि स्वयंपाकाबद्दल एक गोष्ट, जी इंडियन ग्रोसरीतून शेगडी घेणाऱ्यांना हमखास नडते. आडव्या डब्याच्या छोट्या शेगडीत ब्युटेन असतो. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाखाली द्रवच राहतो, वायू होत नाही. उणे चारला ज्योत फडफडते आणि विझते. डबा मात्र भरलेला. प्रोपेनचा हिरवा सिलिंडर आणि त्याची शेगडी घ्या, प्रोपेन उणे बेचाळीसपर्यंत चालतो. पोहे-उपमा ताटात येईपर्यंत गार होऊन दगड होतात. रुंद तोंडाच्या थर्मासात खिचडी किंवा रस्सा भाजी आणि दुसऱ्यात चहा हे जमतं. थर्मास आधी दहा मिनिटं उकळत्या पाण्याने तापवून घ्या. यातलं काही आत नेता येत नाही, त्यामुळे सगळं साडेदहापर्यंत आटपायचं.

कुरण नको असेल तर गावातून चालत जा. कॉलेज ॲव्हेन्यूपासून स्टेडियम पाऊण तासाच्या आत येतं, कर्टिन रोडने, वाटेत विद्यापीठाची प्रसिद्ध बर्की क्रीमरी. उणे चारलाही आइस्क्रीमला रांग असते. त्यांना कोण सांगणार.

बसायला ॲल्युमिनियमचे बाक, माणशी साधारण ४५ सेंटिमीटर. सप्टेंबरात टी-शर्टमध्ये मावणारी ओळ जाड जॅकेटांत मावत नाही. कडेची जागा मिळाली तर घ्या. थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते: काँक्रीट आणि धातू पायातली ऊब ओढून घेतात. पुठ्ठ्याचे दोन थर किंवा योगा मॅटचा तुकडा पायाखाली ठेवला तर जेवढा फरक पडतो तेवढा तिसऱ्या स्वेटरने पडत नाही. अंगालगत सुती काही नको. चालताना आलेला घाम सुतात राहतो आणि बसल्यावर गारठवतो. मोज्यांच्या दोन जोड्या बूट आवळत असतील तर एकच घाला. हात गरम ठेवणाऱ्या पुड्यांत लोखंडाची पूड असते, ती हवेशी संयोग पावून तापते. म्हणून पंधरा-वीस मिनिटं आधी फोडा, आणि बुटात हातांच्या नव्हे तर पायांसाठीच्याच वापरा; साध्या पुडीला बंद बुटात हवा पुरत नाही. भारतातून आलेले आई-वडील बरोबर असतील तर त्यांना मध्यंतरापर्यंतच बसवण्याचा बेत करा. बाहेर गेल्यावर परत प्रवेश मिळतो का, हे आधी पाहा.

खेळ म्हणाल तर पेन स्टेटच्या बचावफळीने तो लवकरच संपवला. डॉम डीलुका आणि टोनी रोहास यांनी एसएमयूच्या फेकी अडवून थेट टचडाउन केले, मध्यंतराला २८-०, शेवटी ३८-१०. असा एकतर्फी सामना प्रवाशाच्या सोयीचा: लोक टप्प्याटप्प्याने उठतात. अटीतटीचा झाला तर सगळे एकदम बाहेर पडतात आणि वाहनतळातून सुटायला दीड-दोन तास. अंधार पावणेपाचला पडतो आणि वितळलेलं पाणी रस्त्यावर पुन्हा गोठायला लागतं, दिसत नाही असा पातळ काळा बर्फ. घाटातून ३२२ क्रमांकाच्या महामार्गाने हॅरिसबर्गकडे जाणाऱ्यांनी एक तर शेवटच्या क्वार्टरच्या सुरुवातीला निघावं किंवा त्या रात्री तिथेच राहावं.

बाकीच्या गावांचं थोडक्यात. साउथ बेंडला (नोटर डेम) शिकागोहून साउथ शोअरची रेल्वे थेट विमानतळापर्यंत येते, पण रात्री आठचा सामना संपल्यावर परतीची गाडी नसते, आणि साउथ बेंड शिकागोपेक्षा तासभर पुढे आहे. हे विसरून किकऑफ चुकवणारे दर वेळी असतात. कोलंबसला (ओहायो स्टेट) मोठं शहर, विमानतळ, हॉटेलं सगळं आहे. तिथला प्रश्न वेगळा: नाताळात गावाला जाणारे हंगामी तिकीटधारक तिकिटं विकतात, आणि टेनेसीच्या सामन्यात नारिंगी रंगाचे मोठे पट्टे स्टँडमध्ये दिसले. यजमान ४२-१७ जिंकले म्हणून ते खपलं. ऑस्टिनला (टेक्सस) थंडीचा प्रश्न नाही, गाडी लावायला जागा नाही एवढंच.

२०२५ पासून पहिली चार मानांकनं परिषदांच्या विजेत्यांना राखीव नाहीत, सरळ क्रमवारीने जागा ठरतात. त्या डिसेंबरात नॉर्मन, कॉलेज स्टेशन, ऑक्सफर्ड आणि युजीन या गावांत सामने झाले. ऑक्सफर्ड (मिसिसिपी) यांत सगळ्यात छोटं. तिथे मेंफिसला राहून सव्वा-दीड तास गाडीने जाणं हाच व्यवहारी मार्ग. कॉलेज स्टेशनला ह्यूस्टनहून जाता येतं, युजीनला पोर्टलंडहून, आणि नॉर्मन ओक्लाहोमा सिटीच्या अर्ध्या तासावर आहे, त्यामुळे तिथे खोलीची चिंता सर्वांत कमी.

भारतातून जागून बघणाऱ्यांसाठी: पूर्व किनाऱ्यावरचे दुपारचे बारा म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा, आणि रात्रीचे आठ म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसहा.